दादांची फाइल आणि मराठी अक्षरांचा दोनशे वर्षांचा प्रवास

मंडळी, आजचा लेख थोडा लांबला आहे. चहा घेऊन बसा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला तेव्हा सांगलीच्या आमच्या जुन्या घरात छातीइतकं पाणी होतं. माणसं वेळेवर बाहेर पडली, हे महत्त्वाचं. पण खालच्या खोलीतलं लाकडी कपाट पाण्यात गेलं आणि त्याबरोबर दादांचं हस्तलिखित आणि त्याची एकुलती एक छापील प्रत गेली. दादा म्हणजे माझे थोरले बंधू. माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. २०११ साली ते गेले. निवृत्तीनंतर त्यांनी आमच्या घराण्याची हकिकत लिहून काढली होती. पणजोबांपासून थेट आमच्या मुलांपर्यंत. १९९९ मध्ये ती त्यांनी बाजारपेठेतल्या एका डीटीपीवाल्याकडून संगणकावर टंकून घेतली, आणि फ्लॉपीवरून पुढे कोणीतरी तिची सीडी केली. ती सीडी माझ्याकडे पुण्याला, सुईदोऱ्याच्या डब्यात (होय, खरंच) पडून होती.

लॉकडाउनमध्ये, २०२० च्या एप्रिलात, मला तिची आठवण झाली. नातीनं कुठूनसा सीडी वाचणारा खोका जोडला आणि फाइल उघडली. पडद्यावर काय आलं? इंग्रजी एस, मग डॉलरचं चिन्ह, मग डोक्यावर दोन टिंबं असलेला यू, मग कंस, मग टक्के. पानामागून पान तेच. एकशे चाळीस पानं!

"आजोबा, हे मराठी आहे?" नातीनं विचारलं.

मी म्हटलं, "असायला हवं."

मग माझं लक्ष गेलं आकड्यांकडे. त्या सगळ्या गिचमिडीत आकडे मात्र शाबूत होते. १९४३. १९५७. १९७२. बाकी एक अक्षर कळत नव्हतं, पण ७२ म्हणजे दुष्काळ, हे मला कळत होतं. ५७ म्हणजे माझी मुंज. दादा तिथे होते, फक्त बोलणं ऐकू येत नव्हतं.

ती फाइल वाचता येईपर्यंत मला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत मी जे शिकलो ते आधी सांगतो, कारण माझी खात्री आहे की तुमच्यापैकी अनेकांच्या घरी अशीच एखादी सीडी कुठल्यातरी डब्यात आहे.

या दुखण्याचं मूळ शोधायचं तर संगणकाच्या बरंच मागे जावं लागतं.

आपली लिपी हाताने लिहायला सुंदर, पण यंत्रात बसवायला अवघड. इंग्रजीत सव्वीस अक्षरं, लहान आणि मोठी. एकापुढे एक ठेवली की शब्द झाला. आपल्याकडे व्यंजनाच्या डोक्यावर मात्रा, पायाशी उकार, डावीकडे ऱ्हस्व वेलांटी, उजवीकडे काना, शिवाय रफार आणि जोडाक्षरं. श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या सेरामपूरला, विल्यम कॅरीनं १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं तेव्हा देवनागरी खिळे वापरले, आणि १८१० साली मराठीचा कोश छापला तो चक्क मोडी खिळ्यांत. पंचानन कर्मकार हे तिथले खिळे कोरणारे कारागीर. मराठी छपाईच्या आरंभाशी एका बंगाली कारागिराचा हात आहे, हे मी वर्गात मुलांना आवर्जून सांगत असे.

मुंबईत मग अमेरिकन मिशनचा छापखाना आला. १८३१ साली गणपत कृष्णाजींनी शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापलं. शिळाप्रेसवर लिहिलेलं अक्षर जसंच्या तसं उमटतं, त्यामुळे जोडाक्षरांची भानगडच नाही. त्यानंतर १८६९ साली जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांच्या हातची ती अक्षरं इतकी देखणी होती की देशभरचे संस्कृत ग्रंथ निर्णयसागरला छापून घेतले जात. आमच्या घरच्या जुन्या पोथ्या त्याच अक्षरांतल्या आहेत. पण त्या सौंदर्यामागे शेकडो निरनिराळे खिळे होते. जुळाऱ्याला समोरच्या घरांतून प्रत्येक जोडाक्षराचा खिळा वेगळा शोधावा लागे. खिळे कमी व्हावेत म्हणून टिळकांनी 'केसरी'साठी खटाटोप केला. सावरकरांनी 'अ'चीच बाराखडी सुचवली, म्हणजे 'इ' च्या जागी 'अ' ला वेलांटी. दोघांचं बाकी काही जुळो न जुळो, खिळे फार झाले याबद्दल एकमत होतं :)

ऱ्हस्व वेलांटीची गंमत तर और आहे. ही वेलांटी उच्चारात अक्षराच्या नंतर येते, पण लिहिताना आधी! 'कि' म्हणताना आपण आधी क म्हणतो, काढताना आधी वेलांटी काढतो. १९५३ साली लखनौला लिपीसुधारणेची मोठी परिषद भरली आणि तिथे ठरलं, की ऱ्हस्व वेलांटीसुद्धा दीर्घासारखी उजवीकडेच द्यावी, फक्त तिचा दंड आखूड ठेवावा. लोकांना ते रुचलं नाही. थोड्याच वर्षांत वेलांटी पुन्हा आपल्या जुन्या जागी गेली. ही वेलांटी लक्षात ठेवा. ती पुढे दादांच्या फाइलमध्ये पुन्हा भेटणार आहे.

मग टंकलेखन यंत्र. आमच्या शाळेच्या कार्यालयात मराठी टाइपरायटर होता. हेडक्लार्क त्यावर परिपत्रकं बडवीत आणि मी स्टेन्सिलवर प्रश्नपत्रिका काढून घ्यायला शेजारी उभा राही. त्या यंत्रात कळा चाळीसेक. सगळी लिपी त्यात बसवायची म्हणून युक्ती केली होती: ग, त, प, म अशी दंडवाली अक्षरं अर्धीच ठेवायची आणि काना वेगळा. अर्धा 'ग' मारला, पुढे काना मारला, की झाला पूर्ण 'ग'. उकार किंवा अनुस्वार मारताना गाडा पुढे सरकत नसे, म्हणजे ते आधीच्या किंवा पुढच्या अक्षरावर बसत. आणि ऱ्हस्व वेलांटी? ती आधी मारायची. म्हणजे यंत्राला अक्षर कळत नव्हतं, फक्त आकार कळत होते. आकारांचे तुकडे जोडून कागदावर अक्षर दिसलं, की काम झालं. कागदाला तेवढंच पुरतं.

आता खरी मेख इथे आहे. संगणक आला तेव्हा मराठीपुढे दोन वाटा होत्या. एक, टाइपरायटरसारखे आकार साठवायचे. दोन, उच्चार साठवायचे आणि आकार काढायचं काम यंत्रावर सोपवायचं.

दुसरी वाट शहाणपणाची होती आणि ती आपल्याच देशात काढली गेली, हे विसरू नये. कानपूरच्या आयआयटीत 'जिस्ट'चं काम सुरू झालं. १९८६ साली इन्स्क्रिप्ट हा कळफलक प्रमाण ठरला, ज्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झालं आणि जिस्टचं काम तिथे आलं. संगणकात एक वेगळं कार्ड बसवायचं, की डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटे. त्यामागे 'इस्की' नावाचं मानक होतं. ते १९८८ मध्ये आलं आणि १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून पक्कं झालं. त्यात 'क' ला एक क्रमांक, वेलांटीला एक क्रमांक, पाय मोडण्याच्या चिन्हाला एक क्रमांक. जसं म्हणू तसं साठवायचं. आधी क, मग वेलांटी. पडद्यावर ती डावीकडे दाखवायची हे यंत्रानं बघावं. इतकंच नव्हे, तर देवनागरी, गुजराती, बंगाली, कानडी, सगळ्यांच्या 'क' ला एकच क्रमांक! आपल्या लिप्यांचं नातं त्या तक्त्यात स्पष्ट दिसत होतं.

पण बाजारात चालली ती पहिली वाट. का, ते समजून घेतलं पाहिजे. नुसतं नाव ठेवून उपयोग नाही. विंडोज आलं आणि त्याबरोबर कोणालाही फाँट बनवून बसवण्याची सोय आली. फाँट म्हणजे अक्षरांच्या चित्रांची पेटी. संगणकाच्या दृष्टीने कप्पा क्रमांक ६५ म्हणजे कॅपिटल ए. तुम्ही फाँट बनवताना त्या कप्प्यात ए च्या चित्राऐवजी अर्ध्या 'ग' चं चित्र ठेवलंत, तर संगणकाला पत्ताही लागत नाही. तो बिचारा ए साठवतो, आपल्याला 'ग्' दिसतो. असे कप्पे होते एकूण २५६, त्यांतले काही संगणकाने स्वतःसाठी राखलेले. उरलेल्यांत सगळी देवनागरी कोंबायची. मग टाइपरायटरचीच युक्ती पुन्हा आली: अर्धी अक्षरं, वेगळा काना, वेलांटी आधी.

श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम, शिवाजी, कृतिदेव... नव्वदच्या दशकात ज्यांनी मराठी टंकलं त्यांना ही नावं घरच्यासारखी वाटतील. या मंडळींनी मराठीवर उपकार केले आहेत. लग्नपत्रिकांपासून दिवाळी अंकांपर्यंत सगळं त्यांच्यामुळे संगणकावर आलं. छापायचं आणि कागद हातात घ्यायचा, एवढंच काम होतं तोवर कुठेही अडलं नाही. पण कुठल्या कप्प्यात कुठला तुकडा, हे प्रत्येकाने आपापलं ठरवलं होतं. एकाचा 'म' दुसऱ्याचा 'ष'. ज्याच्याकडे तो फाँट नाही, त्याला दिसणार नुसतं इंग्रजी अक्षरांचं भरताड. दादांच्या फाइलचं तेच झालं होतं. आकडे तेवढे वाचले, कारण मराठी १ चं चित्र त्या फाँटात इंग्रजी १ च्याच कप्प्यात ठेवलेलं होतं.

हे समजलं तेव्हा मला एकदम हायसं वाटलं. फाइल बिघडलेली नव्हतीच! तिची किल्ली हरवली होती.

किल्ली शोधायची रीत सोपी निघाली. लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये त्या गिचमिडीवर नुसतं टिचकी मारून उभं राहायचं आणि वर फाँटाच्या नावाच्या चौकटीत पाहायचं. फाँट संगणकावर नसला तरी त्याचं नाव फाइलीत नोंदलेलं असतं. तिथे नाव दिसलं. (नाव सांगत नाही; दोष कोणा एकाचा नव्हता.) सांगलीच्या त्या डीटीपीवाल्याचं दुकान केव्हाच बंद झालं होतं, पण पुतण्यानं त्यांच्या मुलाला शोधून काढलं. त्या मुलाने जुन्या हार्डडिस्कमधून फाँटाची फाइल काढून पाठवली. नातीनं ती फाँटांच्या फोल्डरमध्ये टाकली, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला, आणि...

पहिल्या पानावर, मधोमध, दादांचं नाव.

मला काही क्षण वाचताच आलं नाही. नातीनं पाणी आणून दिलं. असो.

पण काम संपलं नव्हतं. हा फाँट दुसऱ्या कोणाच्या संगणकावर नसणार. पाठवायचं तर प्रत्येकाला पुन्हा किल्ली द्या. शिवाय या फाइलीत 'मिरज' हा शब्द शोधला तर सापडत नाही, कारण संगणकाच्या लेखी तिथे मिरज नाहीच, वेलांटी-अर्धा म-काना-र-ज यांची चित्रं आहेत. म्हणून तिचं युनिकोडमध्ये रूपांतर करायचं ठरलं.

युनिकोडची गोष्ट थोडक्यात सांगतो. जगातल्या सगळ्या लिप्यांना एकाच तक्त्यात कायमचे क्रमांक द्यायचे, हा त्याचा उद्देश. पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली. देवनागरीची मांडणी आपल्या १९८८ च्या इस्कीवरूनच घेतली होती. म्हणजे जी शहाणी वाट आपण बाजारात सोडली, ती जगाला फिरून आपल्याकडे परत आली. देवनागरीला १२८ घरं मिळाली. 'क' चा क्रमांक ०९१५. तो पुण्यात ०९१५ आणि न्यू जर्सीतही ०९१५.

मानक झालं तरी घरच्या संगणकावर पोचायला वेळ लागला. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आली आणि तिच्याबरोबर 'मंगल' हा फाँट. तो रचणारे आपले र. कृ. जोशी. आयआयटीत शिकवणारे सुलेखनकार. २००८ साली ते गेले. आज कोट्यवधी लोक त्यांची अक्षरं वाचतात आणि बहुतेकांना त्यांचं नाव ठाऊक नाही. जावजी दादाजींच्या शेजारी त्यांचं नाव घ्यावं असं मला वाटतं.

विंडोज एक्सपीच्या काळात मी संगणक शिकलो. तेव्हा मराठी नीट दिसायला प्रादेशिक भाषांच्या खिडकीत जाऊन एका चौकटीत खूण करावी लागे, आणि मग तो मूळ सीडी मागे. ती सीडी कोणाकडेच नसे! खूण केली नाही तर मराठी दिसे खरं, पण वेलांटी अक्षरानंतर आणि जोडाक्षरं पाय मोडलेली. नाहीतर नुसते चौकोन. त्या चौकोनांना परदेशात टोफू म्हणतात, पनीरसारख्या त्या पदार्थाच्या वड्यांसारखे दिसतात म्हणून. पुढे गूगलने सगळ्या लिप्यांसाठी फाँट काढले त्याचं नाव 'नोटो', म्हणजे 'टोफू नको'.

आता दादांच्या फाइलकडे परत. जुन्या फाँटातून युनिकोडमध्ये नेणारे परिवर्तक मिळतात. ते एकेका कप्प्याचं भाषांतर करतात, पण खरी परीक्षा असते क्रमाची. वेलांटी पुढची मागे न्यायची. रफाराचं उलट: 'सूर्य' मध्ये जुन्या फाँटात रफार 'य' नंतर मारलेला असतो, पण उच्चारात र् आधी. तो मागचा पुढे आणायचा. लखनौच्या परिषदेत जी वेलांटी हलता हलली नाही, ती इथे एकशे चाळीस पानांत सुमारे सहा-सात हजार वेळा हलली, अर्ध्या मिनिटात!

नव्वद टक्के मजकूर स्वच्छ आला. उरलेल्या दहा टक्क्यांत दादांची भेट झाली म्हणायची.

पहिली अडचण ऱ्य ची. मराठीला दोन प्रकारचा अर्धा र लागतो. 'आचार्य' मधला डोक्यावरचा रफार आणि 'आचाऱ्यांना' मधला पापणीसारखा आडवा. हिंदीला हा दुसरा लागत नाही, म्हणून अनेक परिवर्तकांना तो माहीतच नसतो. माझ्या मुंजीच्या प्रकरणात वाचलं, 'आचार्यांना पंचवीस रुपये आणि धोतरजोडी दिली.' मी दिवसभर विचारात. कोण हे आचार्य? आमच्याकडे तर उपाध्ये होते! रात्री झोपताना उजेड पडला. अहो, ते आचारी! लाडू वळणारे! आणखी एके ठिकाणी पणजोबा 'सह्याद्रीच्या दर्यांतून' घाटावर आले होते. सह्याद्रीत समुद्र! तिथेही दऱ्याच होत्या. युनिकोडात हा र नीट काढायचा तर नुक्ता असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा. एवढं केलं की दरी ती दरी राहते.

दुसरी अडचण ॲ ची. दादा आयुष्यभर एसटीच्या हिशोब खात्यात होते. त्यामुळे 'ॲडव्हान्स', 'ॲकाउंट्स', 'ॲडिशनल' पानोपानी. हा ॲ, म्हणजे अ वर चंद्र, युनिकोडात आला तो २००८ मध्ये. त्याआधी लोक एकतर हिंदी पद्धतीचा 'ए' वर चंद्र देत किंवा 'अ' नंतर सुटा चंद्र टंकत. तो सुटा चंद्र काही फाँटांत अक्षरावर न बसता टिंबांच्या वर्तुळावर लोंबकळतो. ते वर्तुळ दिसलं की समजावं, मात्रेला तिचं अक्षर सापडलेलं नाही.

तिसरी गोष्ट दुरुस्तीची नव्हे, आवडीची. आलेला 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे होते. आपण शाळेत शिकवतो तो 'ल' पाकळ्यांचा आणि 'श' देठाचा. २००९ साली महाराष्ट्र शासनाने प्रमाण वर्णमालेचा निर्णय काढला, त्यातही तीच रूपं आहेत. काही नव्या फाँटांत मजकुराची भाषा 'मराठी' अशी निवडली की ही रूपं आपोआप येतात. मी तसा फाँट घेतला. दादांचा 'ल' हिंदी वळणाचा मला चालला नसता.

सगळ्यात मोठा घोळ होता शेवटच्या प्रकरणात. हे प्रकरण दादांनी २००३ मध्ये मागाहून जोडलं होतं. ते डीटीपीवाल्याने नव्हे, तर पुतण्याने घरच्या संगणकावर टंकलं. मला त्याचा पत्ताही नव्हता. त्यात प्रत्येक वाक्याचं पहिलं अक्षर भलतंच होतं. शब्द ओळखू येत, पण सुरुवात चुकीची. अवतरण चिन्हांच्या जागीही कसलीतरी जोडाक्षरं. दोन दिवस डोकं खाजवलं, तेव्हा कळलं. लिहिण्याचा प्रोग्रॅम इंग्रजी समजून मदत करत होता! पूर्णविराम दिसला की पुढचं अक्षर तो आपण होऊन कॅपिटल करी. इंग्रजीत त्याने शब्द बदलत नाही. पण इथे लहान अक्षराच्या कप्प्यात एक मराठी तुकडा आणि मोठ्याच्या कप्प्यात दुसराच. तसंच सरळ अवतरण चिन्ह तो वाकडं करी, आणि वाकड्याचा कप्पा वेगळा. म्हणजे चूक पुतण्याची नव्हती, दादांची तर नव्हतीच.

हे यंत्राला सांगून सुधारेना, कारण काही वाक्यं नावांनी सुरू होत होती आणि काहींची सुरुवात दोन्ही प्रकारे अर्थपूर्ण होती. म्हणून ते प्रकरण मी एकेक वाक्य हाताने दुरुस्त केलं. म्हणजे प्रत्येक वाक्याशी थांबून, दादांना काय म्हणायचं असेल, याचा विचार करत.

इथे एक कबुली द्यायची आहे. १९९९ साली दादांनी छापील प्रत माझ्या हातात दिली होती. म्हणाले, "मराठीचा मास्तर आहेस. मुद्रितं तपासून दे." मी आठ महिने ती ठेवून घेतली. शाळा, परीक्षा, जनगणनेचं काम, कारणं भरपूर होती. शेवटी बारा पानं तपासून परत दिली. ते काही बोलले नाहीत. पुन्हा कधी विचारलंही नाही. नवं प्रकरण जोडलं तेव्हा मला दाखवलं नाही, याचं कारण मला आता कळतं.

त्या प्रकरणात माझ्याबद्दल एक परिच्छेद आहे. १९६७ साली दादांना बढती मिळून नागपूरला बदली होत होती. ती त्यांनी नाकारली. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. 'नागपूरचं ऊन मला सोसायचं नाही' असं ते सांगत आणि आम्ही त्यावरून त्यांची चेष्टा करत असू. मीसुद्धा. पुढे कितीतरी वर्षं उन्हाळा आला की मी म्हणत असे, "दादा, आज सांगलीचं नागपूर झालंय." आणि ते हसत.

तेव्हा मी त्यांच्या बिऱ्हाडी राहून सांगलीत बीएच्या पहिल्या वर्षाला होतो. परिच्छेदात त्यांनी लिहिलं होतं, की ते नागपूरला गेले असते तर माझ्या राहण्याजेवणाची सोय उरली नसती आणि वडिलांना वसतिगृहाचा खर्च झेपला नसता. म्हणून उन्हाचं कारण सांगितलं. 'त्याला हे सांगितलेलं नाही. वाचेल तेव्हा कळेल', असं शेवटचं वाक्य. त्यातला पहिला 'त्या' बिघडलेला होता. मी तो दुरुस्त केला.

वाचेल तेव्हा. त्यांनी लिहिलं २००३ मध्ये, मी वाचलं २०२० मध्ये. मधली आठ वर्षं ते होते.

या सगळ्यातून हाती आलेल्या चार गोष्टी इथे नोंदवून ठेवतो. कोणाच्या तरी उपयोगी पडतील.

१. जुन्या फाइलीत गिचमिड दिसली तर ती पुसू नका आणि त्याच नावाने पुन्हा साठवूही नका. आधी प्रत काढा, मग फाँटाचं नाव पाहा.

२. साधा मजकूर म्हणून साठवलंत तर फाँटाचं नाव जातं. मग कुलूप राहतं, किल्लीची ओळखही राहत नाही.

३. जुन्या फाँटात काही टंकायचंच असेल तर आपोआप दुरुस्ती आधी बंद करा.

४. रूपांतर झालं की कोणीतरी जाणत्या माणसाने सगळं वाचून काढा. दरी आणि दर्या यांतला फरक यंत्राला नव्हे, माणसालाच कळतो.

आणि पाचवी गोष्ट मास्तरकीची. ज्याचं मुद्रित तपासायचं कबूल केलंय, त्याचं ते असेपर्यंत तपासून द्या.

जाता जाता: आमच्या पणजोबांची कागदपत्रं मोडीत आहेत. ती वरच्या मजल्यावर होती म्हणून पुरातून वाचली. घरात आता मोडी वाचणारं कोणी नाही. कागद शाबूत, शाई शाबूत, आणि तरी आम्हाला ती दादांच्या फाइलीसारखीच गिचमिड. २०१४ साली मोडीलाही युनिकोडात जागा मिळाली. पण तिथे परिवर्तक चालणार नाही, शिकावंच लागेल. यंदा मी पुन्हा मोडीची बाराखडी गिरवायला घेतली आहे. नातही बसते शेजारी, मूड असला तर.

दादांच्या पुस्तकाच्या वीस प्रती काढल्या. प्रत्येक पान मी तीनदा वाचलं. छापायला देण्यापूर्वीच्या शेवटच्या कागदावर, जुन्या सवयीप्रमाणे, खाली डाव्या कोपऱ्यात लाल शाईने लिहिलं: 'तपासले.' आणि तारीख घातली.

ता. क. ज्या नातलगांना प्रत मिळाली नसेल त्यांनी कळवावं. आणि पान ६२ वरचे आचारी कोण होते, हे कोणाला आठवत असेल तर तेही कळवावं. लाडू फार चांगले झाले होते, एवढं मला आठवतं.